मामांच्या जाकिटाचे दोन खिसे

चुकीच्या ठिकाणी चुकीचं भाषण करूनही टाळ्या घेणारा, माझ्या बायकोच्या मामांसारखा पुढारी साऱ्या खानदेशात दुसरा झाला नाही. मामा पिंपळनेरचे. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले आणि त्याच जोरावर पुढच्या प्रत्येक निवडणुकीत पडलेले. पडण्याचं कारणही त्यांची भाषणंच. प्रचारसभेत विरोधी उमेदवाराचं नाव निघालं की मामांना राहवायचं नाही. "मानूस चांगला शे," म्हणून ते त्याच्या विहिरीच्या पाण्यापासून त्याच्या सुनेच्या हातच्या शेवभाजीपर्यंत सगळ्याचं कौतुक करत सुटायचे. मी मागे बसून त्यांचं जाकीट ओढायचो. तर ते माईकवरच सांगायचे, "जावईबापू थांबा म्हनी राहिनात, पन इतलं सांगू द्या."

जाकीट ओढायचं हे काम माझ्याकडे आलं, कारण मी जळगावच्या कॉलेजात मराठी शिकवतो. मामांची भाषणंही मीच लिहून द्यायचो आणि ती इतकी सुंदर असायची की वाचताना माझं मलाच गहिवरून यायचं. आमच्याकडे पुढाऱ्याला लग्नात मंगलाष्टकांआधी आशीर्वादाचं भाषण करावं लागतं आणि सुतक फिटतं त्या दिवशी, म्हणजे गंधमुक्तीला, श्रद्धांजलीही वाहावी लागते. लग्नसराईत दोन्ही एकाच दिवशी. घोटाळा नको म्हणून मी एक अगदी शास्त्रशुद्ध पद्धत बसवून दिली. लग्नाचा कागद उजव्या खिशात, दुःखाचा डाव्या. पुढे साक्रीतल्या एका लग्नात मामांच्या उजव्या मुठीत अक्षता होत्या, म्हणून त्यांनी साहजिकच डावा हात खिशात घातला. "जे घडलं ते कोणाच्याच हातात नव्हतं. दोन्ही कुटुंबांना हा आघात सोसण्याचं बळ ईश्वर देवो." माझं हे लाडकं वाक्य मामांनी इतक्या कळवळ्याने वाचलं की मांडवातल्या जुन्या नवऱ्यांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. गाडीत मी चिडलो, तर मामा शांतपणे म्हणाले, "कागद तुमना, खिसाबी तुमनाच. मना फक्त आवाज."

मग माझे वडील गेले. यावलला सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांना माझ्या बोलण्याचा फार अभिमान. केळीच्या बागेत कामाला आलेल्या माणसांनाही ते थांबवून सांगायचे, आमचा पोरगा बोलायला लागला की ऐकत राहावं. त्यामुळे गंधमुक्तीला मला त्यांच्यासाठी नीट बोलायचं होतं. तेवढंच माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं. कागद मी घेतलाच नाही. मराठीच्या प्राध्यापकाला कागद कशाला? हारातल्या फोटोकडे पाहिलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "आजच्या या मंगल प्रसंगी..."

पुढचं वाक्य सुचेना आणि आधीचं परत घेता येईना. तेवढ्यात मागून कोणीतरी माझा सदरा ओढला. मामा होते. माझ्या हातातून माईक घेत ते म्हणाले, "जावईबापू बरोबर बोलनात. आबासनी जनमभर मानसं जोडात. रुसेल भाऊबंदबी आज एकच पंगतमा बसतीन. हाई मंगल नही ते काय?" मग फोटोकडे वळून हात जोडले आणि थेट माझ्या लेखी मराठीत त्यांनी समारोप केला, "आबांना पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा."

आधी मागे कोणीतरी हसलं, मग भाऊबंद, मग आई. आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मग मलाही रडता आलं.

नंतर मी मामांना विचारलं, "ते मुद्दाम बोललात ना?"

"काय बोलनू मी?" मामा म्हणाले. ते खरं होतं की सोंग, हे मला अजून कळलेलं नाही.

हल्ली मामांना भाषणाला कोणी बोलावत नाही. नवे पुढारी मोबाइलमध्ये बघून बिनचूक बोलतात आणि मांडवात कोणी ऐकत नाही. माझ्या गंधमुक्तीला मात्र मामांनीच बोलावं, कुठल्याही खिशातलं चालेल, असं मला फार वाटतं. पण मामा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत. परवा एका लग्नात ते माझ्यापुढे बसले होते. जाकीट अंगावर फार सैल झालं होतं. मी मागून ते जरा ओढून सारखं केलं.

मामांनी वळून विचारलं, "मनं काही चुकनं का?"

"नाही मामा," मी म्हटलं.