खालच्या मजल्यावरचा पापड

दर व्हिडिओ कॉलला तुम्ही दोघं विचारता, आजी, तू चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला का जात नाहीस? तुमच्या आईबाबांनी घेतलेला तो फ्लॅट रिकामाच आहे, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. मी दरवेळी विषय बदलते. फोनवर बोललेलं इथे भिंतीपलीकडे ऐकू जातं, म्हणून लिहून सांगते.

उल्हासनगरची आपली इमारत धोकादायक ठरली आणि नळाचं पाणी तोडलं. आता टँकर येतो. स्वयंपाकघराच्या स्लॅबमधून सळया दिसतात, म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपते. तळमजल्यावर सगळी सिंधी कुटुंबं, वर आपण बौद्ध. बिल्डरने वरच्यांशी वेगळं आणि खालच्यांशी वेगळं बोलायला सुरुवात केली, तेव्हा दोन्ही मजल्यांनी जिन्यावर बसून ठरवलं: नव्या जागेचा हक्क मिळेपर्यंत एकानेही घर सोडायचं नाही. एक दार बंद झालं की तो म्हणणार, बघा, लोक निघाले. मोर्चात खालच्या बायका 'जय भीम' म्हणाल्या, आम्ही त्यांच्या देवाचं 'झूलेलाल' म्हटलं. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण नंतर स्लॅबकडे बघत पडलं की जिन्यावर दिलेला तोच शब्द नकोसा वाटतो.

गेल्या आठवड्यात बिल्डरचा माणूस खाली येऊन बसला. थोड्या वेळाने शेजारची सून धापा टाकत वर आली.

"मॅडम, खेळ खलास! त्याला पापड-पाणी दिलंय. हसतायत सगळे. सिंध्यांनी सेटिंग केली."

तिच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे सगळे माझ्या दारात जमले. "आपणच येडे," एक काका म्हणाले. "चला, सामान बांधा. आपण काय स्लॅबखाली मरायचं?"

त्यांना असं का वाटलं, ते तुम्हाला तिकडे बसून कळणार नाही. आमच्या लोकांच्या लेखी पाणी देणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती. गावात आमच्या आज्यांनी कोण आपल्याला पाणी देतो, कोण वरून ओततो, कोण देतच नाही, यावरून माणसं ओळखली. त्यामुळे पाणी दिलं म्हणजे आपलं मानलं, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे.

आणि खरं सांगते, ते ऐकून माझा जीव हलका झाला. सगळेच निघाले तर मीही निघू शकत होते. कोणी बोट दाखवलं नसतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण मी तळमजल्याला इतकी वर्षं पाहिलंय. कोर्टात भांडणारा भाऊबंद आला तरी तिथे आधी पापड भाजला जातो, पाण्याचा ग्लास पुढे येतो, मग शिव्या सुरू होतात. पापडाने काहीच ठरत नाही. त्यांच्याकडे सौदा पक्का झाला की मिठाई वाटतात; खरंच ठरलं असतं तर मिठाईचा डबा वर आपल्याकडेही आला असता.

मी हे सांगितलं. सून फणकारली, "तुम्हाला त्यांचं फार कौतुक! तुम्ही नक्की कोणाच्या, मॅडम?"

मी कठड्याशी गेले. खालच्या शेजारणीला मी अदी म्हणते, सिंधीत अदी म्हणजे ताई. तो माणूस एव्हाना गेला होता.

"अदी, उसको क्या जवाब दिया?"

"जवाब? पापड दिया!" खालून हसू आलं. "जवाब तो ऊपरवालों के साथ बैठके देंगे ना. तू टीचर है, तू ही बोलना." मग हसू थांबलं. वर जमलेले सगळे तिला दिसले असावेत. "क्यों? तुम लोग जा रहे हो क्या?"

मी मागे वळून पाहिलं. काकांनी मान खाली घातली. सून माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्यावरच सोडलं होतं.

"नहीं," मी म्हणाले. "कोई नहीं जा रहा."

"फिर ठीक है. टँकर आया है, बादली लेके उतरो."

मी बादली घेतली आणि खाली उतरले.