जाड केबल

परंड्यात स्टँडमागं एका मेकॅनिकचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं बोलणं कमीच. मशीन चालू केलं की तो डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकतो. तोवर गिऱ्हाइकानंही गप्प बसायचं.

निवृत्तीनंतर मला घरची गाणी अस्पष्ट वाटू लागली. मी अँप्लिफायरला महागडी, जाड पॉवर केबल मागवली. तिनंही फरक पडेना, तेव्हा सगळं त्याच्याकडं नेलं. त्यानं आधी जुनी केबल लावून ऐकलं, मग नवी.

"दोन्ही सारख्याच हायत, सर. करंट पुरेसा मिळाला की मशीनला बास. आवाज तर लई साफ हाय."

"मग मला साफ का ऐकू येत नाही?"

तो उठून माझ्या पाठीमागं गेला. तिथून त्यानं मला दोनदा हाक मारली, हे नंतर त्यानंच सांगितलं. पुढं येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कान दाखवू या, सर."

मला राग आला. मी केबल गुंडाळू लागलो. त्यानं वाद घातला नाही, शटर ओढलं, स्कूटर काढली आणि म्हणाला, "बसा."

दवाखान्यात तो शेजारीच बसून राहिला. माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्यानं मला हळूच कोपरानं ढोसलं.