येते हं

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मावशी पुन्हा शिकाऊ झाल्या, याचं घरी सगळ्यांना हसू यायचं. उभा जन्म नगरपालिकेच्या टेलिफोनवर गेलेला. आता त्या सीमेच्या दोन्ही अंगांच्या गावांत सलोखा राखणाऱ्या एका संस्थेत काम शिकत होत्या. धाकटा भाऊ म्हणायचा, “अक्का, तुझ्या दोन सुना एका ओट्याशी उभ्या राहत नाहीत, आणि तू निघालीस दोन देश जुळवायला!”

मावशी हसण्यावारी न्यायच्या, पण आत धाकधूक असायचीच. संस्थेच्या मुख्य बाई त्यांच्या मुलीहून लहान. त्यांच्यासमोर चुकायला नको म्हणून मावशी बोलायचं ते आधी पुटपुटून घ्यायच्या.

काम होतं शेळ्यांना लस टोचायचं. चराऊ रान कुंपणाच्या दोन्हीकडे पसरलेलं. अलीकडच्या शेळ्यांना टोचलं आणि पलीकडच्या राहिल्या, तर रोग पुन्हा यायचाच. पलीकडच्या गावाला तयार करणारी एकच बाई होती, सगळे तिला शेळीवाली म्हणत. आपली भाषा ती रेडिओ ऐकून शिकलेली. सीमेवरच्या फाटकाशी, पत्र्याच्या छपराखाली, दोघींनी मंगळवार पक्का केला. चहा झाला. मावशी हलक्या मनाने उठल्या आणि म्हणाल्या, “बरं, येते हं.”

दुसऱ्या दिवशी मुख्य बाईंनी फोन ठेवला तो कपाळाला आठ्या घालूनच.

“मावशी, शेळीवालीला काय सांगून आलात?”

“काही नाही हो. दिवस ठरला नि निघाले.”

“ती म्हणते, तुम्ही ‘येते’ म्हणालात. फाटक बंद होईपर्यंत बसून होती बिचारी. शेळ्या रानात मोकाट, सासू दारात उभी. गाव हसतंय तिला. आता एकही शेळी आणणार नाही म्हणते.”

“अहो, पण उठताना माणूस दुसरं म्हणणार काय?”

“मीसुद्धा उठताना तेच म्हणते,” मुख्य बाई हळूच म्हणाल्या.

जीपमध्ये मावशी सगळा रस्ता पुटपुटत होत्या, पण एक वाक्य जुळेल तर शपथ. फाटकाशी पोचल्यावर त्या त्याच बाकावर बसल्या. निरोप धाडला होता. पण ती कशाला येतेय? का यावं तिनं? ऊन बाकावर चढलं, तेव्हा कुठे शेळीवाली आली. ती बसली नाही.

“तुमच्याकडे जाताना येते म्हणतात?” तिने सगळं ऐकून विचारलं. “मग येताना काय, जाते?”

“जाते म्हणवत नाही हो. कायमचं गेल्यासारखं वाटतं.”

“हे मी गावात सांगितलं तर म्हणतील, सारवासारव करतेय. तुम्ही सांगा.” तिने फोन लावून, स्पीकर चालू करून मावशींच्या हातात दिला. पलीकडे गावचा पुढारी होता, त्याच्याभोवती माणसांचा गलका.

हजारो फोन जोडलेल्या मावशींनी तो दोन्ही हातांनी धरला. पुटपुटायलाही वेळ नव्हता. “चूक तिची नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या, “माझ्या जिभेची आहे. मी निघाले, आणि येते म्हणाले.” शेळीवालीने ते फोनकडे वाकून तिच्या गावच्या भाषेत सांगितलं.

मावशींना वाटलं, संपलं सगळं. मग एकदम हसण्याचा गदारोळ उठला.

“कुणाला हसतायत?” मावशींनी घाबरून विचारलं.

“तुम्हाला,” शेळीवाली म्हणाली आणि पहिल्यांदा बाकावर टेकली. “सासू तर जास्तच.”

“मग बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “आणतील का पण शेळ्या?”

“पुढारी म्हणतो, बाईला बघायला तरी येऊ.”

मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि त्या उठल्या. “बरं, ये–” त्यांनी जीभ चावली. आता काय म्हणावं ते सुचेना.

“म्हणा की येते,” शेळीवाली म्हणाली. “पण कधी, तेही सांगा.”

“मंगळवारी,” मावशी म्हणाल्या. “सकाळी. लस घेऊन येते.”

जीप सुरू झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. ती वाट पाहत बसलेली नाही ना, याची खात्री करून घ्यायला हवी होती. शेळीवाली उठून चालू लागली होती.