कापलेले चाळीस सेकंद

सुपरहिरोचा जुना सिनेमा कुणी नव्यानं केला तर तो लोकांना का आवडतो आणि का आवडत नाही, यावर मी कुणालाही अर्धा तास ऐकवू शकते. ऐकवलंही आहे. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांना, त्यांनी माझ्या तोंडातून हात काढल्या काढल्या. गेल्या गणपतीपासून मात्र मी या विषयावर चकार शब्द काढलेला नाही. त्याचं कारण सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितेय.

मी सात वर्षांची असताना आमच्या काकांनी सुपरहिरोचा सिनेमा केला होता. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी तेच ते नाटक व्हायचं, त्याला कंटाळून काकांनी लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून एका रविवारापुरता कॅमेरा मागून आणला. कथा अशी की कारखान्यातल्या एका फिटरला वेल्डिंगचा झटका बसतो आणि तो उडायला लागतो. खलनायक मोटर लावून अख्ख्या गल्लीच्या नळांना येणारं नर्मदेचं पाणी ओढत असतो. हिरो काका, आणि खलनायकानं गच्चीवर कोंडून ठेवलेली मुलगी मी. पाठीवरचा लाल झगा काकूंच्या साडीचा होता. ती साडी परत मिळाली नाही, हे काकू अजून ऐकवतात.

उडायची सोय कारखान्यातून आली. जड मशीन उचलायची चेन-पुली काकांच्या चार मित्रांनी सुटीच्या दिवशी आमच्या गच्चीवर आणून टाकीच्या लोखंडाला अडकवली, काकांना पट्ट्यांनी आवळलं आणि खालून वर ओढलं. आता चेन-पुलीनं माणूस उडत नसतो, कणाकणानं वर सरकतो. खर्र, खर्र, खर्र करत आमचा सुपरहिरो गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचेपर्यंत आपला डायलॉग विसरला होता. "घाबरू नकोस, मी आलोय" असं म्हणायचं होतं. काका लटकलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघत राहिले आणि भेटल्यावर रोज जे विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

घरी मला न आवडणारी घोसाळ्याची भाजी होती, मी खरं ते सांगितलं. "नाही. गिलकी आहे."

कॅसेट संपत आली होती, म्हणून ते तसंच राहिलं. गणपतीत पडद्यावर ते आलं तेव्हा लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पुढच्या वर्षी लोकांनी सिनेमा परत मागितला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ठरूनच गेलं की आरतीनंतर एक दिवस काकांचा सिनेमा, आणि त्या जागी आल्यावर अर्धा हॉल ओरडणार "जेवलीस का?" आणि उरलेला अर्धा "नाही, गिलकी आहे!"

लोकांची करमणूक होत होती, आणि माझं नाव गिलकी पडत होतं. शाळेत गिलकी, क्लासमध्ये गिलकी. पंधराव्या वर्षी मला एका मुलानं चिठ्ठी दिली, तीसुद्धा गिलकीच्या नावानं. त्या वर्षापासून मी सिनेमाच्या दिवशी डोकं दुखतंय सांगून घरी थांबायला लागले. काकांनी एकदाही विचारलं नाही का. पण भेटले की प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" मी बारावीत नापास होता होता वाचले तेव्हाही तोच, नोकरी लागली तेव्हाही तोच.

नोकरी कंपन्यांच्या जाहिरातीचे व्हिडिओ करायची. हाताशी चांगला कॅमेरा, ड्रोन, एडिटिंगची मशीन. मंडळाच्या लोकांनी गेल्या वर्षी विचारलं की तुझ्या काकांचा सिनेमा आता नव्यानं करशील का. मी इतक्या झटकन हो म्हटलं की मलाच नवल वाटलं. आता कळतं की मला तो सिनेमा करायचा नव्हता, पुसायचा होता.

अर्थात तेव्हा मी स्वतःला मोठी जाणकार समजत होते. वहीत मुद्दे काढले. हिरोला शक्ती कशी मिळाली ते पुन्हा दाखवायचं नाही, लोकांना माहीत असतं. चेहरा नवा हवा. रंग काळपट हवा. हिरोनं हसायचं नाही, कारण गंभीर हिरोला लोक मान देतात. ऑफिसातला जिमला जाणारा एक मुलगा हिरो केला आणि झगा काळा.

काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "बेटा, माझ्यासाठी काही छोटंमोठं असेल तर बघ. नसेल तर टेन्शन घेऊ नको." मी त्यांना गच्चीवर अडकलेल्या म्हाताऱ्याचं काम दिलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, वेळेच्या तासभर आधी हजर. नवा हिरो उतरतो, म्हाताऱ्याला हात देतो, म्हातारा त्याच्याकडे बघतो. माझ्या कागदावर एवढंच होतं. काकांनी हिरोच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "जेवलास का रे?"

पहिल्याच टेकला झालं. शूटिंगच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "मस्त, काका."

एडिटिंगला बसलो तेव्हा हिरो झालेला मुलगा म्हणाला, "मॅम, यहाँ मूड टूट रहा है." मी याच वाक्याची वाट बघत होते. मूड तुटतो, वेग मंदावतो, ही कारणं माझ्याकडे तयार होती, आणि खरं कारण मी मनातसुद्धा उच्चारलं नाही. काकांचा सीन, चाळीस सेकंद, मी काढून टाकला. त्या जागी हिरो गच्चीवर एकटा उभा, वाऱ्याचा आवाज आणि लांबलचक शांतता. मला ते फार कलात्मक वाटलं.

काकांना सांगायचं होतं. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बेटा, चार खुर्च्या रोकून ठेवशील का? आपले कारखान्यातले लोक येतायत. एक तर सांवेरहून येतोय बसनं, सोयाबीन सोडून." तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. आणि मी म्हणाले, "दुसऱ्या रांगेत ठेवते."

हे चौघे म्हणजे चेन-पुली ओढणारेच. आता सगळे रिटायर, एकाचा हात थरथरतो, एकाला ऐकू कमी येतं. काका मधोमध बसले होते, त्याच इस्त्रीच्या शर्टात. सिनेमा सुरू होण्यापूर्वी मला चार शब्द बोलायला सांगितलं. जुना प्रयत्न भाबडा होता, आज प्रेक्षक समजदार झालाय, असं काहीतरी मी माइकवर बोलले. काकांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

ड्रोननं घेतलेलं दृश्य आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग हिरो गच्चीवर उतरला. वारा. शांतता. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जेवलीस का?"

"नाही, गिलकी आहे!" अख्खा हॉल ओरडला. सात-आठ वर्षांची पोरंही ओरडली. त्यांनी जुना सिनेमा आई-बापांच्या मांडीवर बसून पाहिलेला. सगळे हसत वर पडद्याकडे बघायला लागले की आता हा काय म्हणतो. हा काहीच म्हणाला नाही. कपाळाला आठ्या घालून उडून गेला. हसू हळूहळू विरलं. लोक काय घ्यायला आले होते ते मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ते माझ्या ऑफिसातल्या मशीनमध्ये कापून पडलं होतं. माझ्या वहीतल्या एकाही मुद्द्यात हे नव्हतं की लोकांना नवा झगा चालतो, नवा चेहरा चालतो, पण ज्या माणसानं आपल्याला जेवलीस का विचारलं तो त्यांना परत हवा असतो.

शेवटी नावं आली. सीन कापताना नाव काढायचं मी विसरले होते. 'विशेष भूमिकेत' म्हणून काकांचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं आणि चौघांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागल्यावर मी जवळ गेले, तेव्हा हात थरथरणारे मित्र काकांना विचारत होते, "भिया, आप किधर थे? अपने को तो दिखे नहीं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "था ना, वो छत वाला. तुम लोग उधर चाय का देख रहे थे तब निकल गया."

चहा अजून आला नव्हता. कुणी मानसुद्धा वळवली नव्हती. सांवेरहून आलेले मित्र काकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "हाँ, मैंने देखा. बढ़िया किया भिया." लगेच बाकीचेही म्हणाले, हो, दिसला, छान होता. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी तर काकांची पाठ थोपटली. चौघांनी मिळून पुन्हा एकदा काकांना वर धरलं होतं, आणि या वेळी ते माझ्यामुळे लटकले होते. मी माफी मागायला हवी होती. तिथेच, त्या चौघांसमोर. मी "काका, चहा घेऊन जा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सीन परत जोडून काकांना व्हॉट्सअपवर पाठवला, खाली लिहिलं की चुकून राहून गेला होता. त्यांनी पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. मग अंगठा आला. ते 'चुकून' म्हणजे माझं आणखी एक खोटं, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे गेले. दुपारचे तीन वाजले होते. माफीचं वाक्य रस्ताभर घोकलं होतं. काका दारासमोरच्या ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला, खुर्ची पुढे सरकवली. मी बसले आणि वाट बघितली. वीस-पंचवीस वर्षं ज्या प्रश्नाला मी वैतागत आले त्याची मी वाट बघत होते. तो आला असता तर बाकीचं मी बोलू शकले असते.

"मग," काका म्हणाले, "ऑफिस कसं चाललंय?"

मी म्हणाले, छान चाललंय. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.