अधोलीभर दुखणं

या, असे जवळ सरका. लांबून बोललेलं मला आता नीट ऐकू येत नाही, आणि तुम्हाला तर वाचतानासुद्धा घाई. माझी जाऊ हौसा गेली म्हटल्यावर जो तो येतो आणि विचारतो, कशानं गेली? अहो, जाणं तर सगळ्यांचं सारखंच. जगली कशी ते विचारा की. तेवढं विचारायला कुणाला सुचत नाही, आणि चहा मात्र दोनदा घेतात.

सहा आठवडे झाले. दुपारची वेळ, मी ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसले होते. शहापूरहून रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे हौसाची मुलगी, हौसा दोन वर्षं तिच्याकडेच राहायला होती. ती म्हणाली, "मोठीआई, आई गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाय." आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "हात दुखत होता का गो?" लोकांना हे विचित्र वाटेल. कारण हौसाला उजवा हात नव्हता. सोळा वर्षं नव्हता. तरी शेवटची काही वर्षं मी रोज त्याची चौकशी करत होते, आणि का करत होते तेच आज सांगायला बसले आहे.

आमची वाडी धसईपासून चालत अर्ध्या तासावर. हौसा धाकटी जाऊ म्हणून आली तेव्हा शेलाटी, पण हाताला जोर. खळ्यावर भात मापायचं असलं की सगळी वाडी तिला हाक मारायची. अधोली धरावी तर हौसानंच. तुम्हा शहरातल्यांना माप ठाऊक नसेल म्हणून सांगते. दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. वर ढीग राहिला तर ती शीग, आणि हातानं सारून टाकली की माप सपाट. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. हौसाचा 'लाभ' पार बांधापलीकडे ऐकू जायचा.

नव्वदच्या पुढची गोष्ट. भात भरडायला आम्ही दोघी गिरणीत गेलो होतो. हौसा खाली वाकून कोंडा भरत होती. पदर पट्ट्यात गेला, पदर सोडवायला हात गेला... पुढचं मी लिहीत नाही. कोपराखाली चार बोटं सोडून हात काढावा लागला. दीड महिन्यानं घरी आली तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं. पण खरं तर तिथून सुरू झालं. हात गेला आणि दुखणं राहिलं. ती म्हणायची, "आक्का, मूठ आवळलीय. नखं तळव्यात रुततात. सोडवता येत नाय." जिथं काहीच नाही तिथं ती डाव्या हातानं चाचपायची. कुणी म्हणालं, हात नीट पुरला नाही. कुणी म्हणालं, भगताला दाखवा. आमच्यात भगत करत नाहीत, बाबासाहेबांनी तो मार्ग आमच्यासाठी बंद करून ठेवलाय, बरंच केलंय. पण भगत केला नाही म्हणून मी शहाणी होते असं समजू नका.

आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. चिखलात सगळ्या जणी वाकलेल्या, आणि हौसा बांधावर बसून ते थोटूक छातीशी धरलेलं. मी सगळ्यांच्या देखत बोलले, "हात नाय तर दुखतो कसा गो? काम नको तर तसं सरळ सांग." बायका हसल्या. हौसा उठली, एका हातानं रोपाच्या मुठी फेकत राहिली, संध्याकाळपर्यंत. त्यानंतर दहा-बारा वर्षं तिनं माझ्याकडे दुखण्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, बरी झाली. माणूस बोलायचा थांबला की आपल्याला बरंच वाटतं.

ती बरी झाली नव्हती हे रेखानं उघड केलं. घरोघरी मोबाइल आले त्या सुमाराला ती शहापूरहून आली आणि म्हणाली, "आई रात्र-रात्र बसून काढते, मोठीआई, तू भिंतीपलीकडे झोपतेस." मग म्हणाली, तिच्या ओळखीच्या नर्सनं सांगितलंय, मुंबईच्या एका इस्पितळात डोक्याला बाहेरूनच हलकी वीज लावून असलं दुखणं कमी होतं का ते बघतायत. कापाकापी नाही, टोचणं नाही. मी म्हटलं, वीज वेड्यांना देतात. हौसा म्हणाली, "लोकांनी मला तेच तर ठरवलंय. जाऊ दे मला." सोबत कोण जाणार? मीच गेले. मला जायलाच हवं होतं.

आता माझा पराक्रम ऐका. शहरात जायचं, मोठ्या डॉक्टरांपुढे बसायचं, तर कोरड्या केसांनी कसं नेणार? सुतक असल्यासारखं दिसतं. मी हौसाला चांगलं वाटीभर खोबरेल चोळलं, चापून वेणी घातली. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, शांत, चष्मेवाली. तिनं मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज हौसाच्या डोक्यावर ठेवले, पट्ट्यानं बांधले, वायर यंत्राला लावली. यंत्र पीं पीं करायला लागलं. पुन्हा बांधले, पुन्हा पीं पीं. मग डॉक्टरबाईनं बोट केसातून फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तेल किती लावलंय? तेलातून वीज जात नाही." हौसा म्हणाली, "आक्कानं मला तळायला आणलंय."

मग काय, साबण घेऊन आम्ही दोघी इस्पितळाच्या मोरीत. ती वाकलेली, मी तिचं डोकं चोळतेय. एका हातानं तिला स्वतःचे केस धड धुता येत नाहीत हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका अंगणात राहून तेव्हा कळलं. मी हळूच विचारलं, "आता दुखतंय का गो?" तिनं डाव्या हातानं तोंडावरचा फेस पुसला. डोक्यावरून पाणी गळत होतं. मग म्हणाली, "पायली. शीग लावून."

हे माप पुढे फार कामाला आलं. कारण डॉक्टरबाई विचारायच्या, शून्य ते दहा, दुखणं किती? आणि हौसा म्हणायची, "तुमी म्हनाल ते." मोठ्या माणसापुढे आपला आकडा कसा सांगायचा, ही तिची रीत. मी मध्ये पडले, म्हटलं, बाई, हिला मापानं विचारा. डॉक्टरबाईंनी शेर-अधोली-पायली सगळं समजून घेतलं, वहीत आकड्याशेजारी तेही लिहीत गेल्या. आम्हाला त्यांनी समजावलं तेही सोपं करून. हात गेला तरी मेंदूत हाताची जागा शिल्लक असते. तिथून दुखण्याच्या खुणा येतच राहतात, आणि दुखणं जाणवतं ते मेंदूतच, मग ते बोटाचं असो नाहीतर दाढेचं. ही वीज बॅटरीइतकी बारीक, ती दुखणं काढत नाही, मेंदूचा चढलेला सूर जरा उतरतो का ते बघायचं. आणि एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली. काही जणांना खरी वीज मिळेल, काहींना सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं होईल आणि यंत्र आपोआप बंद पडेल. कुणाला काय मिळालं ते त्यांनाही शेवटापर्यंत कळणार नाही.

"म्हंजे फसवणार?" हौसानं विचारलं.

"आधी सांगितलंय ना, मावशी."

"सांगून फसवताय, मंग चालंल."

दोन आठवडे रेखाकडे राहून आम्ही ये-जा केली. रोज वीस मिनिटं. पहिल्या दिवशी पायली, मग अधोली, शेवटी सपाट शेर. एक दिवस ती खुर्चीतच म्हणाली, "आक्का, करंगळी उघडली." जी करंगळी नाहीच, ती. मी रडले, ती नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंचं पत्र आलं. मी शाळेत गेले नाही, वाणसामानाच्या कागदांवर वाचायला शिकले, पण वाचते नीट. हौसासमोर पत्र मोठ्यानं वाचत गेले आणि मध्येच थांबले... तिच्या वाट्याला खरी वीज आलीच नव्हती. ओटीवर आमचे बबनभाऊजी बसले होते, जिभेला हाड नसलेला माणूस. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा. वीज नाय न् दुखणं उतरलं. म्हंजे इतकी वर्षं नाटकच."

हौसानं माझ्याकडे पाहिलं. आवणीच्या दिवशी बांधावरून पाहिलं होतं तसंच.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा नातू काल अंगणात पडला. आयनं कडेवर घेतला न् गप झाला. मंग काय, गुडघा फुटलाच नव्हता? रक्त मी पुसलंय." भाऊजी म्हणाले, "ते पोर हाय." मी म्हटलं, "मेंदू तिलाही हाय, तुमालाही असंल. दुखणं खरं होतं, उतरलं तेबी खरं. मी बारा वर्षं इश्वास ठेवला नाय, ती चूक माझी. तुमी आता नवी करू नका." भाऊजींनी टोपी घातली आणि शेताकडे गेले. हौसा म्हणाली, "आक्का, पत्र पुरं वाच." पत्रात पुढे होतं की यावंसं वाटलं तर आता खरी वीज देऊ. ती गेली. या खेपेला केस मीच धुऊन कोरडे केले. तेव्हाही माप शेरावर आलं, कधी त्याच्याही खाली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, मग वीज चालते की नाही? त्या म्हणाल्या, एका माणसावरून सांगता येत नाही, मावशी. मला ते उत्तर आवडलं. ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणणारी माणसं आपल्याला किती भेटतात?

दुखणं पुरतं गेलं नाही. आवणीत, थंडीत पुन्हा चढायचं. पण मी रोज विचारायची, "किती गो?" आणि ती सांगायची. खळ्यावर पुन्हा मापायला बसली, डाव्या हातानं अधोली भरायची, शीग मी सारायची. शहापूरला गेल्यावर फोनवर तेच. रेखा हसायची, म्हणायची, दोघींना दुसरा विषयच नाही.

त्या दुपारी फोनवर मी विचारलं त्याचं उत्तर रेखानं तेव्हा दिलं नाही, रडत होती. हौसासाठी वंदना झाली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जवळ येऊन म्हणाली, "मोठीआई, सकाळीच आईनं सांगून ठेवलं होतं, आक्काचा फोन आला तर सांग, शेराला दोन बोटं कमी हाय."

अधोली माझ्याकडेच आहे, कणगीशेजारी पालथी. परवा तांदूळ मापायला घेतली, 'लाभ' म्हटलं, आणि शीग सारायला माझाच दुसरा हात पुढे आला. माप बरोबर भरलं.

डॉक्टरबाई, तुम्ही हे वाचत असाल तर या. बाकीच्यांनीही या, कुणाला काही दुखत असेल तर नक्की या, मी विचारीन आणि तुम्ही मापानं सांगा. फार दिवस लावू नका. आणि येताना डोक्याला तेल लावून या, इथे यंत्र नाही.