दुसऱ्या बाईचा आवाज

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांतून सिनेमावर लिहिणाऱ्या आम्हा काही जणांची एक समीक्षक संघटना होती. मी शाळेत शिकवायचे, एका साप्ताहिकात परीक्षणं लिहायचे. संघटनेत बाई मी एकटीच. दरवर्षी जालन्यात आम्ही पुरस्कार द्यायचो. त्या वर्षीचा अभिनयाचा पुरस्कार भोकरदनकडच्या एका मुलीला जाहीर केला. तिचा पहिलाच सिनेमा, आणि शेवटचाही. चित्रीकरण संपलं आणि पुण्यात काविळीनं ती गेली. गावाकडून माणसं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

पुरस्कार घ्यायला तिची आई आली. पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी. आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, तो शिनिमा दावता का? शेवटचं तोंडसुदीक पाह्यलं न्हाई मी तिचं."

टॉकीजच्या मालकांनी दुपारच्या खेळाआधी सिनेमा लावला. रिकाम्या थिएटरात आम्ही दोघीच. लेक पडद्यावर आली तशी आई खुर्चीतून पुढं सरकली. हसली. मग लेक बोलली, आणि आईनं माझं मनगट धरलं.

"हे कोण बोलून राह्यलंय?"

"तुमची मुलगीच की, मावशी."

"न्हाई. तोंड तिचं हाय. गळा तिचा न्हाई. भीमजयंतीला गायची ती, मला कळत न्हाई का? तिच्या तोंडातून कोण बोलून राह्यलंय, बाई?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अशा सिनेमांत आवाज मागाहून भरतात. तोवर ती उरलीच नव्हती. दुसऱ्या कुणीतरी तिचे संवाद म्हटले होते. मी तसं समजावून सांगितलं.

"म्हंजी मेल्यावर बोलली," ती म्हणाली. मग माझं मनगट सोडून म्हणाली, "आवाज बंद करा."

मी वर यंत्राच्या खोलीत जाऊन सांगून आले. उरलेला सिनेमा मुकाच चालला. पडद्यावर ओठ हलत होते, मागं यंत्राची घरघर, आणि आई कान देऊन ऐकत होती. मधेच "हं" म्हणायची. मला माझ्या शेजारी बघवेना.

संध्याकाळी तिनं मंचावर मानचिन्ह घेतलं, पिशवीत घातलं आणि खाली उतरली. स्टँडवर बसमध्ये चढताना मात्र थांबली.

"ती दुसरी बाई कुठं ऱ्हाती? तिला म्हणावं, एकदा घरी येऊन जा."

मी निर्मात्यांकडे विचारलं. त्यांच्याकडे कुणाला तिचं नावही आठवेना.

पुढच्या वर्षी आम्ही बोलावलं नव्हतं, तरी ती आली. पहिल्या रांगेत बसली.

"आली का ती?"

"नाही, मावशी."

"बसते मंग. येईल."

त्या वर्षी निवेदन माझ्याकडे होतं. मी माइकसमोर उभी राहिले, स्वागताचं पहिलं वाक्य बोलले, आणि समोर तिनं डोळे मिटून घेतले. "हं," म्हणाली.