चार बोटं माया

जून उजाडला की हूटगळ्ळीच्या दुकानांपुढे शाळेच्या गणवेशांचे ढीग लागतात आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा उग्र वास माझ्या नाकात शिरतो. मग मी कंपनीची बस चुकवते आणि उगाच तिथे रेंगाळते.

आम्ही शिंपी. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळली, पण शिवणाचे शब्द तसेच राहिले. त्यांतला माझा सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे ‘माया’. पुढे अंग भरलं, उंची वाढली की उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया.

मी आणि माझी चुलतबहीण एकाच वर्षी सातवी पास झालो. तिची आई नव्हती आणि घरात शब्द चाले तो थोरल्या काकांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. मुलींनी आता काज-बटणांना बसावं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. बाबांनी मशीनवर मान खाली घातली. गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोघींपुरतं निळं कापड आणलं आणि सर्वांदेखत माझा स्कर्ट कापला. खाली चांगली चार बोटं माया.

‘‘सातवी झाली, साकू, पुरे म्हटलं होतं ना?’’ काका आईला म्हणाले.

‘‘कात्री लागली, भावजी,’’ आईनं मान वर केली नाही. ‘‘आता दहावीपर्यंत उसवतच जायचं.’’

उरलेलं कापड काकांनी उचलून नेलं. चुलतबहिणीच्या वाट्याच्या त्या कापडाचे उशांचे अभ्रे झाले.

मला भागाकार तिनं शिकवला होता. आज मी हेब्बाळला संगणकापुढे बसते. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करते आणि घर ओढते. ऑफिसात कुणी माझ्याकडे बोट दाखवून, हुशारी असली की माणूस गरिबीतून वर येतोच, असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. तिच्याकडे काय कमी होतं, ते मी तिथल्या तिथे विचारते. मी भांडखोर आहे, असा तिथे बोलबाला आहे. असू दे.

आई गेली, बाबा गेले, काकाही गेले. त्या दुपारचं खरं-खोटं सांगायला आता आम्ही दोघीच उरलो. ती म्हणते, सोडून दे, झालं ते झालं. तिनं सोडावं, तो तिचा हक्क आहे. मी सोडणार नाही. ती माझ्याहून हुशार होती.